नडगी दुखत असताना दिवस मोजू नका

ताई, काल रात्री तुमची पोस्ट वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. तीनदा धावणं सुरू केलं, तीनदा सुटलं. मग तालुक्याच्या ग्रुपमध्ये गेलात. तिथे १०० दिवसांचं चॅलेंज, रोज किमान ३ किलोमीटर धावून स्क्रीनशॉट टाकायचा. आज ४१ वा दिवस, आठवडाभर डावी नडगी दुखत्ये, आणि तुम्ही विचारताय की दुखण्याकडे लक्ष न देता मोटिव्हेशन कसं टिकवायचं. २०२२ च्या ऑक्टोबरात मी जवळपास ह्याच शब्दांत हे विचारलं असतं. तेव्हा मला थांबवणारं कुणी नव्हतं, म्हणून आज लांबलचक लिहिते आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, कोचही नाही. रत्नागिरीत राहणारी, नोकरी करणारी, ४८ वर्षांची बाई आहे. खाली आहे तो माझा अनुभव आणि त्यातून झालेली माझी ठाम मतं. तुमचा पाय मी पाहिलेला नाही, तो दाखवायला तुम्हाला जावंच लागेल. बूट, वॉर्मअप, पाणी ह्यावर लिहीत नाही, ४१ दिवस धावलेल्या माणसाला ते ठाऊक असतं.

त्या वर्षी मीही अशाच रोज धावायच्या चॅलेंजमध्ये होते. आमचं चॅलेंज १५ ऑगस्टला सुरू झालं. मी भाट्याचा पूल ओलांडून किनाऱ्यावर उतरायचे, वाळूवरून झरी विनायकाच्या देवळापर्यंत धावायचे आणि येताना सुरूच्या बनाकडेच्या डांबरी रस्त्याने परतायचे. गणपतीत पाहुण्यांनी घर भरलेलं असताना पहाटे साडेचारला उठून धावून आले. ग्रुपमध्ये टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची सवय लागली हे खरं. घरात आपण काय करतो ते कुणी मोजत नाही, इथे ६० माणसं रोज मोजत होती.

मग नवरात्र आलं. मी नऊ दिवसांचे उपास धरते. वरई, शेंगदाणे, चहा, आणि पहाटेचं धावणं चालूच. तिसऱ्या-चौथ्या माळेला डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला खालच्या भागात ठणका सुरू झाला. धावायला लागलं की दुखायचं, पाय गरम झाला की कमी व्हायचं. ते कमी होतं म्हणून मी समजले की काही गंभीर नाही. आठवड्याने धावताना पूर्णवेळ दुखायला लागलं. आणखी काही दिवसांनी ऑफिसचा जिना उतरताना.

मी घरच्यांना सांगितलं नाही. ग्रुपमध्ये तर नाहीच. आता विचार केला तर माझी सगळ्यात मोठी चूक धावत राहणं ही नव्हती, लपवणं ही होती. कारण सांगितलं असतं तर कुणीतरी थांब म्हणालं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं.

५८ व्या दिवशी एका हॉस्पिटलात गेले. दोन तास रांग, मग एक्स-रे. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "हाड एकदम नीट आहे. ह्या वयात धावायची गरज काय?" वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. किती दिवस दुखतंय, किती धावता, पाय नेमका कुठे दुखतो, एकही प्रश्न नाही. पायाला हातसुद्धा लावला नाही. मला वयाबद्दलच्या बोलण्याचा राग आला आणि त्या रागात मी फक्त ‘हाड नीट आहे’ एवढंच उचललं. त्या फिल्मचा फोटो ग्रुपवर टाकला. तीस-चाळीस अंगठे आले. पुढचे १३ दिवस मी गोळी घेऊन धावले.

ताई, हे दोनदा वाचा. हाडाला जो केसाएवढा तडा जातो, ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, तो पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बरेचदा दिसतच नाही. तो एमआरआयमध्ये दिसतो. म्हणजे एक्स-रे स्वच्छ आला तर ‘अजून दिसलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर माझे पाच महिने वाचले असते. आणि गोळी घेऊन धावणं म्हणजे पाय ओरडत असताना त्याचं तोंड दाबणं.

७१ वा दिवस म्हणजे नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नानाआधी धावून यायचं ठरवलं. पुलाच्या उतारावर पाय टाकला आणि नडगीत सुरी फिरल्यासारखी कळ आली. खाली बसले ती उठता येईना. काळोख होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. एक टेम्पोवाला थांबला, त्याने घरी आणून सोडलं. दारात रांगोळी घालत असलेल्या लेकीने मला टेम्पोतून उतरताना पाहिलं, तिच्या हातातली पांढरी चिमूट तशीच राहिली.

दिवाळीनंतर आंबा घाटाने कोल्हापूरला भावाकडे गेले आणि तिथे एमआरआय झाला. तडा होता. आठ आठवडे धावणं पूर्ण बंद, सुरुवातीचे काही दिवस कुबडी. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सगळ्यात आधी अंगठ्याने नडगीवरून वरून खाली दाबत नेलं. एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या, मी किंचाळले. त्या म्हणाल्या, साधं नडगीचं दुखणं असेल तर हाडाच्या कडेने वीतभर लांब दुखतं, तडा असेल तर बोट ठेवता येईल अशा एका जागी दुखतं. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. सलग किती दिवस धावलीस? त्या दिवसांत काय खात होतीस? जमीन कशी होती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माझं मलाच कळलं. किनारा समुद्राकडे उतरता असतो. जाताना समुद्र कायम माझ्या उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय खाली, डावा वर. वाळूवरूनच परतले असते तर उलट झालं असतं, पण मी परतायचे रस्त्याने. ७१ दिवस एकाच बाजूने तिरकं धावणं. त्यांच्या मते मुख्य कारण विश्रांती नसणं आणि कमी खाणं हेच होतं, उताराने त्यात भर घातली. ड जीवनसत्त्वही कमी निघालं.

हाडाचं त्यांनी समजावलं ते मला फार पटलं. धावल्यावर हाड स्वतःची डागडुजी करतं, पण आधी जुनं काढतं आणि मग नवं भरतं. चिरेबंदी भिंतीतला झिजलेला चिरा आधी काढावा लागतो, नवा बसेपर्यंत तिथे भगदाड असतं, तसं. तेवढ्या काळात रोज धक्के दिले तर भिंत कलते. दम मात्र लवकर वाढतो, तीन-चार आठवड्यांत. म्हणून आपल्याला वाटतं, आता जमतंय, आणि हाड मागेच राहिलेलं असतं. रोज धावायची चॅलेंज नवख्या माणसाला देऊच नयेत असं माझं स्पष्ट मत झालंय. वर्षानुवर्षं धावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, पण मत बदलणारही नाही.

ग्रुपबद्दल. मी पडले त्या दिवशी ‘लवकर बरी हो’ असे सात-आठ मेसेज आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे ७२ व्या दिवसाचे स्क्रीनशॉट. माझं नाव यादीतून गेलं. ती माणसं वाईट नव्हती, नियमच तसा होता, पण तेव्हा फार लागलं. पाय दुखत होता त्याहून जास्त.

बिछान्यात पडल्या पडल्या पार्करन नावाच्या, सगळ्यांनी मिळून धावायच्या उपक्रमाबद्दल वाचलं. लंडनच्या बुशी पार्कात २ ऑक्टोबर २००४ ला १३ धावणारे जमले आणि ते सुरू झालं. दर शनिवारी, ५ किलोमीटर, फुकट. सुरू करणारा पॉल सिंटन-ह्यूइट तेव्हा स्वतः जखमी होता, धावू शकत नव्हता. धावणाऱ्या मित्रांशी भेट तुटू नये म्हणून त्याने हे काढलं. आणि त्यात एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे आलेल्यांपैकी कुणीच शेवटचं येत नाही. हे वाचून मी रडले होते. मला ६० माणसं मोजणारी मिळाली होती, मागे राहणारं एकही नव्हतं.

तुम्हाला आधार हवाय म्हणता ना, तर माझा आधार शेवटी शेजारच्या पडवीत सापडला. शेजारच्या वहिनी ५६ वर्षांच्या, साखर वाढली म्हणून त्यांना चालायला सांगितलेलं. त्या आयुष्यात कधी धावलेल्या नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत मला हळूहळू सुरू करायची परवानगी मिळाली तेव्हा आमचं ठरलं, पहाटे पावणेसहाला त्यांच्या पडवीतला दिवा लागला की मी निघायचं. फोन नाही, मेसेज नाही. दिवा लागलेला दिसला की अंथरुणात पडून राहता येत नाही, कारण वहिनी पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी येऊन उभ्या राहणार हे माहीत असतं.

त्या चालतात, मी धावते, तरी आम्ही बरोबर असतो. मी एक-दोन मिनिटं पुढे धावत जाते, वळते, चालत त्यांच्याकडे परत येते, थोडं त्यांच्याबरोबर चालते, पुन्हा पुढे. वेग वेगळा असला तरी कुणी मागे पडत नाही. सुरुवातीला मी १९९६ मध्ये जॉश क्लार्कने नवख्या धावणाऱ्यांसाठी आखलेला ९ आठवड्यांचा कार्यक्रम धरला होता. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, आणि आठवड्यातले फक्त ३ दिवस. ह्या जा-ये पद्धतीत तो अगदी चपखल बसतो. मला ९ आठवड्यांऐवजी १६ लागले, एकेक आठवडा दोन-दोनदा केला.

एप्रिलमधली एक सकाळ सांगते. मी पुढे जाऊन परत येत होते आणि वहिनी कठड्याशी थांबून माझ्याकडे बघत होत्या. जवळ गेल्यावर म्हणाल्या, "काय गो, डावा पाय टाकताना दचकत्येस. आज पुरे." मला स्वतःला जाणवलंही नव्हतं. आम्ही दोघी चालत घरी आलो, त्यांनी उकड्या तांदळाची पेज दिली, तीन दिवस मी धावले नाही आणि चौथ्या दिवशी काहीही दुखलं नाही. त्या सकाळी वहिनी नसत्या तर मी ते ३ किलोमीटर पूर्ण केलेच असते. तुम्हाला असं माणूस शोधा. ते धावणारं असायलाच हवं असं नाही. तुमची जाऊ, शाळेतली सहकारी, पहाटे दुधाला जाणारी म्हातारी, कुणीही. तुमची चाल ओळखणारं आणि ‘आज पुरे’ म्हणायला न कचरणारं हवं, बस.

किनाऱ्यावर धावायचंच असेल तर भरती-ओहोटीचा हिशेब शिकून घ्या, तुमच्या देवगडलाही तो चालेल. आमच्याकडे मच्छीमारांच्या घरात पोरासोरांना येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी, म्हणजे पहाटे पाचला, ओहोटी. अमावास्येलाही तेच. म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आधीचे एक-दोन आणि नंतरचे तीन-चार दिवस पहाटे सपाट, टणक, ओली वाळू मिळते. अष्टमीला मात्र सकाळी सहाला भरती, तेव्हा उरतो तो फक्त वरचा मऊ, उतरता पट्टा. त्या दिवसांत वाळूवर जाऊच नका. हा अंदाज आहे, भरतीचं वेळापत्रक बघून खात्री करा. आणि ज्या वाटेने गेलात त्याच वाळूने परत या, दोन्ही पाय सारखे खाली-वर होतील.

पावसाळ्यात जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ धरतं, तिथे धावणं नकोच. हायवेवर काळोखात तर अजिबात नको, गाड्या सुसाट असतात. ओल्या बुटांत रात्रभर वर्तमानपत्र कोंबून ठेवलं की सकाळपर्यंत बरेच सुकतात. ‘कुठे पळताय’ म्हणणारे पहिले पंधरा दिवसच म्हणतात, बरोबर कुणी असलं तर तेवढंही नाही. उपासाच्या दिवशी धावू नका, चाला. देवीला त्याचं काही वाटत नाही, असं माझ्या सासूबाईच मला म्हणाल्या.

आता तुमचं काम. ग्रुपवर आज लिहून टाका की ४१ व्या दिवशी थांबते आहे, कारणासकट लिहा. तिथे अजून दोघी-तिघी दुखणं लपवत असतील. मग खुर्चीत बसून अंगठ्याने नडगीच्या हाडावरून गुडघ्याकडून घोट्याकडे दाबत या. एकाच जागी टोचतंय, की कडेने लांबवर दुखतंय? रात्री झोपेतही ठणकतं का? टोचत असेल तर एक पाऊलही धावू नका, उड्या मारून तर मुळीच बघू नका, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर किती दिवस सलग धावलात ते त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा, त्याचा हाडाशी संबंध असतो. आणि काय सापडलं ते इथेच लिहा, मी उद्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बघते.