वर्डच्या टेबलात कर्सर कितव्या ओळीत आहे?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मी वर्डमध्ये टाइप करतो. टेबलं भरपूर, काही तर चार-चार पानं चालतात. मधेच बेरीज टाकायची तर सी२ ते सी-कितवा हे बोट लावून मोजावं लागतं, कारण एक्सेलसारखे ओळींचे नंबर दिसतच नाहीत. काही सेटिंग आहे का?

उत्तर: सेटिंग नाहीये, पण एका ओळीच्या मॅक्रोत (वर्डला लिहून द्यायची छोटी आज्ञा) काम होतं. ऑल्ट आणि एफ८ दाबा, नाव द्या (मधे स्पेस नको), खाली 'मॅक्रोज इन'मध्ये नॉर्मल टेम्प्लेट निवडा म्हणजे सगळ्या फायलींना चालेल, आणि क्रिएट करा. आता सब आणि एंड सबच्या मधे लिहायचं: एमएसजीबॉक्स, मग स्पेस देऊन सिलेक्शन डॉट इन्फर्मेशन आणि कंसात १३. स्पेलिंग अर्थातच इंग्रजीत, आणि आकडेसुद्धा इंग्रजीच टाका, मराठी कीबोर्ड चालू राहिला तर एरर येणार.

१३ म्हणजे ओळ. १६ टाकलं की कॉलम मिळतो, ३ आला तर सी समजा. १५ ला टेबलातल्या एकूण ओळी, १८ ला एकूण कॉलम. कर्सर टेबलाबाहेर असला तर ओळीच्या जागी -१ येतं, घाबरू नका.

फाइलमध्ये एकूण टेबलं किती ते एमएसजीबॉक्सपुढे ॲक्टिव्हडॉक्युमेंट डॉट टेबल्स डॉट काउंट लिहिलं की कळतं, पण टेबलाच्या आत टेबल घातलं असेल तर आतलं त्यात धरत नाही.

खरी डोकेदुखी मर्ज केलेल्या, म्हणजे जोडून एक केलेल्या सेलची. अहवालात हेडिंगसाठी लोक हौसेने उभे-आडवे सेल मर्ज करतात आणि मग मॅक्रोने एकेक ओळ घ्यायला गेलं की वर्ड सरळ नाही म्हणतं, ५९९१ नंबरची एरर देतं. अशा वेळी मॅक्रोत 'रोज' (Rows, म्हणजे ओळी) ऐवजी टेबलाच्या रेंजमधल्या सेल्सवरून फिरायचं, प्रत्येक सेलला रोइंडेक्स (ओळीचा नंबर) आणि कॉलमइंडेक्स (कॉलमचा नंबर) असतोच. माझं विचाराल तर आकड्यांच्या टेबलात मर्ज करूच नये, शीर्षक टेबलाच्या वर साध्या ओळीत द्यावं.

आणि हो, सम-अबव्ह (वरच्या आकड्यांची बेरीज करणारं वर्डचं सूत्र) वापरून बघितलंच असेल, पण मधे एखादा सेल रिकामा राहिला की ते तिथेच थांबतं, त्यापेक्षा सी२:सी४८ असं लिहिलेलं बरं. आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलत नाही हं, बेरजेवर कर्सर ठेवून एफ९ दाबायचं, नाहीतर ताळेबंद छापून झाल्यावर कळेल.