मुलाला घरी शिकवायला बी.एड. लागतं का?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. शाळेचं नाव काढलं की रडतो, म्हणून यापुढे घरीच शिकवायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. मी बी.कॉम. आहे. मुख्याध्यापक म्हणतात, ‘बी.एड., डी.एड. नसताना शिकवणं बेकायदा आहे. दाखला मिळणार नाही, उलट पोलिसांत कळवू.’ शेजारच्या दोघी फी देऊन आपली मुलंही माझ्याकडे पाठवायला तयार आहेत. काय करावं? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पोलिसांची भीती आधी मनातून काढा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २३ मध्ये शिक्षकाची किमान पात्रता सांगितली आहे, पण ती शिक्षक म्हणून नेमणूक होणाऱ्यांसाठी. आईनं स्वतःच्या मुलाला शिकवायला पदवी हवी, असं त्यात कुठेही नाही.

तुमची खरी अडचण कलम १० ची आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य, असं ते कलम सांगतं. ते मोडलं तर पालकांना दंड किंवा कैद अशी तरतूद नाही. पण म्हणून घरी शिकवायला या कायद्याची उघड परवानगी आहे, असंही मी म्हणणार नाही. पट सुटला की मुलाची नोंद शाळाबाह्य म्हणून होईल आणि सर्वेक्षणाला आलेले गुरुजी दारात उभे राहतील. त्यांच्याशी वाद घालू नका. तारीखवार वही ठेवा: काय वाचलं, कोणती गणितं सोडवली, कुठे अडलं. ती समोर ठेवली की निम्मं बोलणं तिथेच मिटतं.

दाखल्याचा विषय मात्र हलक्यात घेऊ नका. दुसऱ्या शाळेत प्रवेशासाठी मागितला, तर तो लगेच देणं कलम ५ नुसार मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. तुमचं कारण वेगळं आहे, म्हणून खोटं कारण लिहू नका. साधा अर्ज करा: ‘माझ्या पाल्याचे पुढील शिक्षण घरी करण्याचे ठरविले असून शाळा सोडल्याचा दाखला मिळावा.’ दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी नकार ऐकून परतू नका, कारण लेखी मागा. तेही देत नसतील तर पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. हा कागद पुढे १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरताना लागतो.

परीक्षांचा रस्ता आजच आखून ठेवा. १७ नंबरच्या फॉर्मवर दहावीला बसायला किमान पाचवी पास लागते. ती महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळातून देता येते, वयाला दहा पूर्ण हवीत. एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला चौदा पूर्ण लागतात. आणि घरी जमलं नाही, तर कलम ४ आहेच: मुलाला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही मिळतं.

एक मात्र विचारावंसं वाटतं. तो रडतो कशानं? कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. तसं काही घडत असेल तर त्याची लेखी तक्रार आधी करा. मुलगा घरी आणला तरी ती सोडू नका.

शेजारणींना मात्र स्पष्ट नाही म्हणा. शाळेतून काढलेली परकी मुलं शाळेच्या वेळात, फी घेऊन शिकवलीत, तर विनामान्यता शाळा चालवल्याचा ठपका येऊ शकतो. कलम १८ खाली त्याला एक लाखापर्यंत दंड आहे आणि पुढे चालू ठेवल्यास रोजचे दहा हजार. मुलं शाळेत जात असतील आणि संध्याकाळी शिकवणीला येणार असतील, तर जरूर घ्या.