वापरलेलं ग्रिट : पुन्हा मशीनमध्ये, भंगारात की तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात?

पावसाळ्याआधी टाक्या, पूल, शेड रंगवायची घाई सुरू झाली की एकाच अर्थाची पत्रं येतात : ब्लास्टिंग (जोराने कठीण दाणे, म्हणजे ग्रिट, मारून धातूवरचा गंज-रंग काढणं) झाल्यावर खाली पडलेल्या मालाचं करायचं काय? त्यातली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : गार्नेट (खनिजाचे कठीण दाणे) किती वेळा वापरता येतं? पुरवठादार दहा वेळा म्हणतो. (भोसरी)

बंद खोलीत, कोरडं ठेवून, दर वेळी चाळून घेतलं तर साधारण ३ ते ५ वेळा. कॉपर स्लॅग, म्हणजे तांब्याच्या भट्टीतली मळी, एकदाच, कारण पहिल्याच मारात त्याचा भुगा होतो. स्टीलचं ग्रिट शेकडो वेळा चालतं. ‘दहा’ कोणत्या दाबाला आणि कोणत्या कामावर, हे पुरवठादाराकडून लिहून घ्या. बहुधा मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत शॉट (ब्लास्टिंगचे स्टीलचे गोल दाणे) फार लागतो. ऑपरेटर म्हणतो, महिन्यातून एकदा सगळा काढून नवा भरू. (शिरोली)

अजिबात नको. मशीनमध्ये जाड-बारीक दाण्यांचं मिश्रण मुरलेलं असतं. जाड दाणा घाव घालतो, बारीक दाणा कानाकोपरे साफ करतो. सगळा नवा भरला की फिनिश बिघडतो. मशीनच्या मोटरचे अँपिअर पाहून (शॉट कमी झाला की ते उतरतात) रोज थोडी भर घाला.

शॉट जातो कुठे ते आधी शोधा. हातमोजे आणि मास्क घालून डस्ट कलेक्टरखालच्या ड्रममधली मूठभर धूळ पांढऱ्या कागदावर पसरा. ती पिठासारखी हवी. त्यात गोल, टणक दाणे सापडले तर शॉटमधून धूळ वेगळी करणाऱ्या सेपरेटरची हवा चांगला शॉटही ओढून नेते आहे. उलट शॉट साठवणाऱ्या हॉपरमध्येच मोल्डची वाळू दिसली तर हवा कमी पडते आहे, आणि ती वाळू तुमची शॉट फेकणारी ब्लेडं खाते. हवा कमी-जास्त करणाऱ्या डँपरला स्वतः हात लावू नका, मशीनवाल्याचा सर्व्हिस इंजिनिअर बोलवा.

प्रश्न : एमएसवर (साध्या लोखंडावर) वापरलेलं गार्नेट एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) टाकीवर चालेल का? (अंबड)

नाही. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि टाकीवर गंजाचे ठिपके येतात.

प्रश्न : जुन्या टाकीचा शेंदरी प्रायमर स्टील ग्रिट आणि कॉपर स्लॅगने काढला. सगळा मिळून सहा टन माल पडून आहे. एक एजंट प्लिंथच्या भरावासाठी फुकट न्यायला तयार आहे. लॅबचा ‘पास’ रिपोर्टही त्याने दाखवला. कॉपर स्लॅग काँक्रीटमध्ये चालतोच ना? (तळेगाव)

फुकट न्यायला कोणी तयार झाला, इथेच शंका यायला हवी होती.

काँक्रीटचं आधी. काँक्रीटच्या वाळू-खडीचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉपर स्लॅगला ठरावीक प्रमाणात जागा आहे, पण ती भट्टीतून आलेल्या स्लॅगला. तुमच्या ढिगात टाकीवरचा रंग मिसळला आहे. दाणा कुठला हे दुय्यम, त्याने काय खरवडून आणलं ते महत्त्वाचं. जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते, पिवळ्यात क्रोमेटची, म्हणजे क्रोमियमच्या विषारी संयुगाची.

आता तो ‘पास’ रिपोर्ट. तो बहुधा टीसीएलपीचा असणार. या पाझर-चाचणीत नमुना सौम्य आम्लात सुमारे १८ तास घुसळतात आणि त्या द्रावणात किती शिसं उतरलं ते मोजतात. मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम. ढिगात स्टील ग्रिट असलं की लोखंड तेवढ्यापुरतं शिसं धरून ठेवतं आणि आकडा खाली येतो. पुढे जमिनीत लोखंड गंजतं, तसं शिसं मोकळं होऊ लागतं. चाचणी पार पडावी म्हणून कचऱ्यात लोखंडाचा कीस मिसळायला अमेरिकेच्या नियमांत स्पष्ट मनाई आहे, ती याच कारणाने. तेव्हा नमुना कोणी, कुठून घेतला ते विचारा आणि एकूण शिशाचीही चाचणी करून घ्या. पुढच्या कामाला तर ब्लास्टिंगच्या आधीच रंगाची खपली तपासा. तो खर्च सहा टन माल निस्तरण्यापेक्षा नक्कीच कमी असतो.

माल धोकादायक ठरला तर २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम लागू होतात. मग तो अधिकृत केंद्रावरच जायला हवा, तळोजा किंवा रांजणगावसारख्या, मॅनिफेस्टसह (माल कुठून कुठे गेला त्याच्या नोंदपत्रासह). एजंटच्या टेम्पोने नव्हे. उद्या त्या प्लिंथवर अंगणवाडी उभी राहिली तर कागदोपत्री माल तुमचाच. आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाशी बोला. तोवर ढीग झाकून ठेवा, त्यावर झाडू फिरवू नका. हे काम केलेल्या पोरांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या आणि त्यांना ते कपडे घरी नेऊ देऊ नका.

प्रश्न : नदीची वाळू स्वस्त पडते. चाळून पुन्हा वापरू का? (सोलापूर)

पुन्हाच काय, एकदाही नको. फुटलेल्या वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. आजवर ज्यांनी हे काम केलंय त्यांना व्यवसायजन्य आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

प्रश्न : गार्नेटची पोती पावसात भिजली. वाळवून बार्जवर (मालवाहू बोटीवर) वापरू? (रत्नागिरी)

काचेच्या बाटलीत थोडं गार्नेट आणि स्वच्छ पाणी घालून हलवा. वर तेलाचा तवंग आला तर माल बाद. रंगाला मारक क्षार मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी पाण्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मोजावी लागते. रंग कंपनीच्या इन्स्पेक्टरला विचारल्याशिवाय नोजल उघडू नका.

प्रश्न : घातक म्हणून वेगळी काढलेली पोती शेडमागे दोन वर्षं आहेत. आता काही अडचण? (बुटीबोरी)

साठवणुकीची मुदत ९० दिवसांची आहे. पोती मोजा, वजन करा, नोंदवही काढा आणि या आठवड्यातच मंडळाकडे जा.