उष्ण कुंडांचे गाव

प्रश्न : गुडघेदुखीसाठी आम्ही उभयता वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाणार आहोत. अशा पर्यटनाने गावाचे भले होते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : गरम पाण्याने सांधे काही काळ सैल होतात, झीज मात्र भरून येत नाही, हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलेल्या युरोपातील 11 स्नाननगरांपैकी कार्लोवी व्हारी येथे पाहुणे गावातल्याच स्तंभमंडपांतून झऱ्याचे पाणी पीत हिंडतात, त्यामुळे पैसा दुकानांतही फिरतो. रिसॉर्टच्या भिंतीआड मात्र तो अडतो, आणि पाण्यावर पहिला हक्क कोणाचा हा वाद उरतोच. उजनीकडे डोळे लावणाऱ्या सोलापूरकरांना हे काय सांगावे! शक्यतो गावातल्या घरगुती खानावळीत जेवा. टॉवेल अर्थातच आपल्याकडचा न्या.