'सिंगल'ला 'एकल' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "'ड्रायव्हर्स लायसन्स' हे ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या 'सावर' या पदार्पणी अल्बममधील पहिले एकल आहे, हे वाक्य बरोबर आहे का? 'सिंगल'ला मराठी शब्द कोणता?"

अमेरिकी पॉप गायिका रॉड्रिगोबद्दलची ही माहिती बरोबर आहे. खटकतो तो 'एकल'. एकल तबलावादन, एकल नृत्य म्हणजे मंचावर कलाकार एकटा. त्या हिशेबाने या अल्बममधली अकराही गाणी एकलच, कारण सगळी तिने एकटीनेच गायली आहेत. गंमत म्हणजे याच गाण्याला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं ते पॉपमधल्या सर्वोत्तम एकल सादरीकरणाचं! तिथे 'एकल' चपखल बसतो. 'सिंगल' म्हणजे अल्बमपासून वेगळं, स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेलं गाणं. त्यात एकटं असतं ते गाणं, गायिका नव्हे.

हा एकटेपणा तबकडीचा. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी आणली. एका बाजूला एक गाणं, उलटलं की दुसरं. 'अल्बम' तर त्याहून जुना. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची, म्हणून मोठ्या रचनेच्या तबकड्या पाकिटांची पानं असलेल्या जाडजूड पुस्तकात घालून विकत. आपल्या लग्नाच्या अल्बमचा तो भाऊच.

'सुटं गाणं' मला आवडतं, पण वाचकाला वाटेल की ते कुठल्याच अल्बममध्ये नाही. 'अल्बमआधीचं गाणं' म्हणावं, तर याच अल्बममधलं 'ट्रेटर' हे सिंगल अल्बमनंतर आलं. तेव्हा 'सिंगल'च राहू द्या, फक्त नपुंसकलिंगी: 'नवं सिंगल आलं'. मागे 'गाणं' दडलेलं आहे ना! क्रिकेटमध्ये हाच शब्द स्त्रीलिंगी होतो, 'सिंगल काढली', कारण तिथे मागे 'धाव' आहे. (गावाकडच्या स्टेशनावर 'सिंगल पडला' म्हणतात, तो सिग्नल. त्याचा या घराण्याशी संबंध नाही.)

आता 'पदार्पणी'. विशेषण ओढूनताणून केलेलं वाटतं. 'पदार्पणाचा सामना' तसं 'पदार्पणाचा अल्बम' चालेल. पण पदार्पण म्हणजे पाऊल ठेवणं, आणि ते माणूस ठेवतो. अल्बम आला २१ मे २०२१ रोजी. 'ड्रायव्हर्स लायसन्स' त्याआधीच, ८ जानेवारीला येऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. त्याच्याही आधी डिस्नेच्या मालिकेत ती गायली होती. मग पदार्पण कधीचं धरायचं? सरळ 'पहिला अल्बम' लिहा, वाद मिटला.

मी वाक्य असं करीन: "ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या पहिल्या अल्बममधलं, 'साउअर'मधलं, पहिलं सिंगल म्हणजे 'ड्रायव्हर्स लायसन्स'." आणि हो, इंग्रजी 'Sour'साठी 'साउअर'च. 'सावर' वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर फाल्गुनातली काटेसावर उभी राहते.