शाळेसाठी सुरक्षा रक्षक नेमताना : वाचकांचे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली आणि २१ ऑगस्टला राज्य शासनाने शाळांच्या सुरक्षेबाबत निर्णय काढला. तेव्हापासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून पालक, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांची या विषयावर पत्रं येत आहेत. त्यातली निवडक पत्रं थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

माझा भाऊ टेक्सासमध्ये असतो. तिथे प्रत्येक सरकारी शाळेत बंदूकधारी रक्षक कायद्यानेच ठेवावा लागतो म्हणे. आपल्याकडे असा कायदा आहे का? माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत आहे आणि फाटकावर बऱ्याचदा कोणीच नसतं.
— पालक, वडगाव शेरी

भाऊ सांगतात ते खरं आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये ‘हाउस बिल ३’ मंजूर केलं. शाळेच्या वेळात प्रत्येक सरकारी शाळेत किमान एक सशस्त्र सुरक्षा अधिकारी हवा, हा त्यातला नियम १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. त्यासाठी सरकारने तेव्हा शाळेमागे वर्षाला १५ हजार डॉलर आणि विद्यार्थ्यामागे १० डॉलर दिले. एवढ्यात तिथे एका माणसाचा पगारही निघत नव्हता. म्हणून कायद्यातच पळवाट ठेवली आहे: पैसे किंवा माणूस मिळत नसेल, तर शाळा मंडळाने तसा ठराव करून पर्यायी व्यवस्था करावी. फ्लोरिडाने पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये असाच कायदा केला. तिथल्या शाळेतल्या सशस्त्र रक्षकांसाठीच्या ‘गार्डियन’ योजनेत १४४ तासांचं प्रशिक्षण ठरवलेलं आहे.

आपल्याकडे प्रत्येक शाळेत रक्षक हवाच, असं सांगणारा कायदा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला भिंत किंवा कुंपण हवं असं म्हटलं आहे, फाटकावरच्या माणसाचा त्यात उल्लेख नाही. २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही बसवायला, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रीकरण तपासायला आणि रक्षकासह सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायला सांगितलं. रक्षक असेल तर तो कसा असावा, हे आपल्या नियमांत भरपूर सापडतं. तो असावा आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत, यावर मात्र ते गप्प आहेत.

तुमच्या हातात एक रस्ता आहे. महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. शाळा विकास आराखडा हीच समिती बनवते. तोंडी तक्रार न करता ‘फाटकावर अमुक ते अमुक वेळेत प्रशिक्षित रक्षक’ ही मागणी आराखड्यात घालून घ्या. ठरावाची प्रत मनपा शिक्षण विभागाला देऊन पोच घ्या. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्याआधी ती पोचली पाहिजे. मार्चमध्ये दिलेल्या कागदावर ‘पुढील वर्षी विचार करू’ एवढाच शेरा पडतो.

संस्थेच्या दोन शाळांसाठी एजन्सी नेमायची आहे. तीन दरपत्रकं आली आहेत आणि तिघेही ‘सगळे गार्ड ट्रेन्ड आहेत’ म्हणतात. ते तपासायचं कसं?
— संस्था सचिव, धनकवडी

‘ट्रेन्ड’ या शब्दाला कायद्यात ठरावीक अर्थ आहे, त्यामुळे तपासणं अवघड नाही. खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम २००५, म्हणजे एजन्सीवाले ज्याला ‘पसारा’ म्हणतात, त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांनुसार रक्षकाला वर्गात किमान १०० तास आणि मैदानावर ६० तास असं प्रशिक्षण, किमान २० कामाच्या दिवसांत विभागून द्यावं लागतं. माजी सैनिक आणि माजी पोलीस यांना ४० अधिक १६ तास आणि किमान सात दिवस पुरतात. म्हणून प्रत्येक माणसाचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरच्या तारखा बघा. सोमवारी भरती आणि त्याच शनिवारी प्रमाणपत्र असेल, तर ते कागदापुरतं आहे.

त्याआधी परवाना. तो राज्याचे नियंत्रक प्राधिकारी देतात आणि त्याची मुदत पाच वर्षं असते. एक जिल्हा, पाचपर्यंत जिल्हे किंवा संपूर्ण राज्य अशा तीन प्रकारांत तो मिळतो. शुल्क अनुक्रमे ५, १० आणि २५ हजार रुपये. परवान्यावरच्या जिल्ह्यांत पुणे आहे का, हे वाचा. मुंबईत नावाजलेल्या एजन्सीचा परवाना मुंबईपुरताच असू शकतो. विनापरवाना हा धंदा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग माणसं. वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. रात्रपाळीचे सत्तरीतले ‘काका’ पुण्यातल्या शाळांत अजून दिसतात. ते कितीही विश्वासू असले, तरी एजन्सीमार्फत त्यांना उभं करता येत नाही. नमुना नियमांत उंची पुरुषांसाठी १६० आणि महिलांसाठी १५० सेंटीमीटर, एक किलोमीटर सहा मिनिटांत धावण्याची क्षमता आणि दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. पंधरा रक्षकांमागे किमान एक पर्यवेक्षक हवा. तुमच्या दोन शाळांत मिळून सहा रक्षक असले, तरी पर्यवेक्षकाचं नाव, त्याच्याकडे आणखी कोणत्या साइट आहेत आणि आठवड्यात तो कोणत्या दिवशी फेरी मारेल, हे करारात लिहून घ्या.

पोलीस पडताळणीवर जरा थांबू, कारण घोळ बहुतेक वेळा इथे होतो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांतल्या नियम ३ प्रमाणे शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पडताळणी करण्याची जबाबदारी शाळेची आहे. ‘ते एजन्सीचं काम’ म्हणून हात झटकता येत नाहीत. रक्षक गेल्या पाच वर्षांत जितक्या जिल्ह्यांत राहिला, तितक्या ठिकाणची पडताळणी लागते. नांदेडहून येऊन वर्षभर चाकणला काम केलेल्या आणि आता हडपसरला राहणाऱ्या माणसाचा फक्त पुण्याचा दाखला अपुरा आहे. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालयही २०१८ पासून वेगळं आहे, तेव्हा पत्ता नीट पाहा.

एवढं सगळं केल्यावर गाडी अडते ती रिलिव्हरवर, म्हणजे बदली रक्षकावर. नेमलेला रक्षक सुट्टीवर गेला की एजन्सी एखाद्या मॉलवरचा किंवा बांधकामावरचा माणूस पाठवते. त्याची पडताळणी तुमच्या फायलीत नसते, आणि मुलंही गणवेश पाहून विश्वास ठेवतात. उपाय साधा आहे. कार्यादेशासोबत नावांची यादी जोडा आणि तीत रिलिव्हरचीही दोन नावं घाला. यादीबाहेरचा माणूस आला तर त्याला फाटकावर उभं करायचं नाही आणि त्या पाळीचे पैसे द्यायचे नाहीत, असं कलम करा. पहिल्यांदा एजन्सी कुरकुर करते, दुसऱ्या महिन्यात यादीतला माणूस पाठवायला लागते.

सर्वांत कमी दराला भुलू नका. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधीचे मालकाचे १२ टक्के, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ३.२५ टक्के, बोनस आणि रजा हे आकडे सगळ्या एजन्सींना सारखेच आहेत. फरक पडू शकतो तो फक्त सेवाशुल्कात. ते एखाद्याने जवळपास शून्य लावलं असेल, तर तो नफा रक्षकाच्या खिशातून काढणार: गणवेशाची कपात, बारा तासांची पाळी आठ तासांच्या पगारात, किंवा हजेरीपटावर दोन नावं आणि फाटकावर एकच माणूस. म्हणून बिलासोबत मागच्या महिन्याचा पीएफचा ईसीआर, म्हणजे कोणाचा किती निधी भरला याचा नावनिशीवार तक्ता, मागा आणि त्यातली नावं तुमच्या फाटकावरच्या हजेरीशी ताडून बघा. जुळली नाहीत तर बिल रोखा.

पुणे जिल्हा सुरक्षा रक्षक मंडळाकडूनही रक्षक मिळतात. १९८१ च्या महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक कायद्याखालचं हे मंडळ आहे. तिथे वेतन आणि त्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के जादा आकार) मंडळाकडे भरायची आणि मंडळ रक्षकाला पगार देतं. खर्च एजन्सीपेक्षा जास्त दिसेल, पण वेतन बुडवण्याची भानगड राहत नाही. खासगी एजन्सी घेत असाल, तर तिच्या रक्षकांना या कायद्याच्या कलम २३ खाली सूट मिळालेली आहे का, हे जरूर विचारा. बहुतेक संस्था हा प्रश्न विचारतच नाहीत.

एजन्सीने शाळेच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावला आहे. तो द्यावा लागतो का?
— लेखापाल, चिंचवड

शाळेचा असेल तर नाही. २८ जून २०१७ च्या अधिसूचना क्रमांक १२/२०१७ मधल्या नोंद ६६ प्रमाणे पूर्वप्राथमिक ते उच्च माध्यमिकपर्यंतच्या शैक्षणिक संस्थांना, त्यांच्या आवारात दिलेली सुरक्षा आणि साफसफाईची सेवा करमुक्त आहे. मात्र त्याच संस्थेचं पदवी महाविद्यालय किंवा मुख्य कार्यालय असेल, तर त्यांना ही सवलत नाही. म्हणून एकच बिल न घेता शाळा आणि महाविद्यालय यांचे कार्यादेश वेगळे काढा.

आमची शाळा दोन अधिवेशनांत भरते, पट सुमारे ९०० आहे. किती रक्षक लागतील? समग्र शिक्षाच्या अनुदानातून भागेल का?
— मुख्याध्यापिका, येरवडा

आधी अनुदान. २५१ ते १००० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषानुसार वर्षाला ७५ हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतं. म्हणजे महिन्याला सव्वासहा हजार, आणि त्यातच वीज, खडू, दुरुस्ती, स्वच्छता. किमान वेतनावरचा एकही रक्षक त्यात बसत नाही.

आता माणसांचा हिशोब. एक जागा चोवीस तास भरायची तर ३० दिवसांत आठ तासांच्या ९० पाळ्या होतात. एक माणूस महिन्याला २६ पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं. रजा धरल्या की चार. दरपत्रकात ‘२४ तास, २ गार्ड’ असं दिसलं, तर बारा तासांच्या पाळ्या आहेत हे समजून घ्या. जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो, आणि बारा तास उभा राहिलेला माणूस संध्याकाळी पाच वाजता कोण आत आलं हे पाहत नसतो.

पैसे थोडे असतील तर ते रात्रीवर घालवू नका. रात्री चोरी होते ती संगणकाची किंवा नळाच्या तोट्यांची. त्यासाठी मजबूत कुलूप आणि खिडक्यांना गज पुरेसे पडतात. मुलांना धोका दिवसा असतो. तुमच्या शाळेत सर्वांत नाजूक अर्धा तास म्हणजे दुपारी सकाळचं अधिवेशन सुटून दुपारचं भरतं तो. तेव्हा दोन्हीकडची मुलं, पालक, रिक्षाकाका, व्हॅनवाले आणि गोळ्या-बिस्किटांचे विक्रेते एकाच फाटकाशी येतात. त्या वेळेला दोघं हवेत: एक फाटकावर बाहेर तोंड करून, दुसरा आत, स्वच्छतागृहांच्या वाटेवर. पूर्वप्राथमिकचे वर्ग असतील तर आतली व्यक्ती महिलाच असावी. दोन फाटकं असतील तर शाळेच्या वेळात एक बंद ठेवा, पण साखळीकुलूप लावू नका. आग लागली तर किल्ली कोणाकडे आहे, ते शोधत बसावं लागतं. आतून उघडणारी कडी आणि तिथे एक शिपाई, एवढं पुरे.

आणि रक्षकाला टोले द्यायला, चहा आणायला, पाण्याची मोटर लावायला पाठवू नका. हे जवळपास प्रत्येक शाळेत होतं, आणि फाटक उघडं राहतं ते त्याच पाच मिनिटांत.

रक्षक मुलांची दप्तरं तपासू शकतो का? कोणी संशयित सापडला तर त्याने नेमकं काय करायचं?
— शिक्षिका, कोथरूड

खासगी रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. मुलांची अंगझडती त्याने घ्यायचीच नाही. दप्तर पाहणं अगदी गरजेचं असेल तर ते शिक्षकांनी, मुलीचं असेल तर शिक्षिकेने, दुसऱ्या व्यक्तीसमोर पाहावं. रक्षकाच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला, तर कोणाही नागरिकाप्रमाणे तो त्या माणसाला धरून ठेवू शकतो. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. व्यवहारात ११२ ला फोन करायचा आणि वाट पाहायची. कोंडून ‘चौकशी’ केली तर गुन्हा रक्षकावरच दाखल होईल.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला, तरी पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, रक्षकालाही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळवला नाही, तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. ‘आधी संस्थेत बोलू’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

इथे प्रशिक्षणातली उणीव लक्षात घ्या. २००६ च्या नमुना अभ्यासक्रमात अग्निशमन, प्रथमोपचार, गर्दी नियंत्रण होतं, पोलीस आणि सैन्याच्या हुद्द्यांची चिन्हं ओळखणंही होतं. पॉक्सो कायदा २०१२ चा, तो त्यात असणार कुठून? मूल कोणाच्या हाती सोडायचं, हेही शाळेलाच शिकवावं लागतं. रुजू होण्याच्या दिवशी दोन तास द्या आणि पुढच्या गोष्टी मराठीत लिहून फाटकावरच्या वहीत चिकटवा: पालक ओळखपत्राशिवाय मूल सोडायचं नाही, ‘आईने पाठवलंय’ म्हणणाऱ्याला थांबवून कार्यालयातून पालकांच्या नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करायचा, त्याने दिलेल्या क्रमांकावर नाही, पाहुणा आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची अशा दोन्ही वेळा लिहायच्या, वर्गखोली किंवा स्वच्छतागृहात एकट्या मुलाबरोबर जायचं नाही, आणि ११२ (पोलीस) व १०९८ (बाल हेल्पलाइन) हे क्रमांक. पाहुण्यांच्या वहीत बाहेर पडल्याची वेळ बहुतेक शाळांत कोरीच असते. शाळा सुटल्यावर कोण अजून आत आहे, हे त्यामुळे कळतच नाही.

मी माजी सैनिक आहे, वय ५२. घराजवळची शाळा मला थेट नोकरीवर घ्यायला तयार आहे. मला पसारा परवाना काढावा लागेल का?
— वाचक, घोरपडी

नाही. तो परवाना दुसऱ्यांना रक्षक पुरवणाऱ्या संस्थेसाठी असतो, रक्षकासाठी नाही. शाळेने थेट आणि नियमित नोकरीवर घेतलं, तर तुम्ही सुरक्षा रक्षक मंडळाच्या १९८१ च्या कायद्याखालीही येत नाही. पडताळणी मात्र टळत नाही, पॉक्सो नियम तुम्हालाही लागू आहेत. नियुक्तीपत्रात कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि तुमच्या रजेच्या दिवशी कोण उभं राहणार, हे लिहून घ्या; नाहीतर सुट्टी मागायची वेळ आली की फाटक तुमच्याच गळ्यात पडेल. जुना सैनिकी गणवेश घालून उभे राहू नका. खासगी रक्षकाने सैन्याचा, नौदलाचा, हवाई दलाचा किंवा पोलिसांचा गणवेश किंवा त्यासारखा दिसणारा पोशाख घातल्यास २००५ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये शिक्षा आहे. आणि स्वतःची परवान्याची बंदूक असेल, तर ती घरी ठेवा.