सड्यावरच्या पहिल्या सर्वेक्षणाला निघण्याआधी

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, प्रकल्पाचा कातळशिल्पांवर (कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रांवर) काय परिणाम होईल ते पाहायला निघशील, तेव्हा नकाशावर प्रकल्पाची हद्द आखून तेवढंच तपासू नकोस. रिफायनरी असो की पवनचक्क्या, खरी नासधूस बहुतेकदा हद्दीबाहेर होते: पोचरस्ता, पाइपलाइन, विजेचे मनोरे, भरावासाठी उघडलेली चिरेखाण. ते सगळं अहवालात घे.

१९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातली १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढची २०० मीटर नियंत्रित हद्द फक्त केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांना लागू. केंद्राच्या यादीत नाव नाही म्हणून 'परिणाम शून्य' लिहिणारे महाभाग पुष्कळ भेटतील. बारसूची कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण त्याने आपोआप कायदेशीर संरक्षण मिळत नाही.

सड्यावर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात कोरलेल्या उथळ चराची कड सावलीने उठून दिसते; भर दुपारी त्याच चरावरून तू चालत जाशील. कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, पायाशी उभं राहून तो कळतच नाही, म्हणून ड्रोन हवाच. पावसाळ्यात गवताने सगळं झाकतं, तेव्हाचा 'काही आढळले नाही' हा शेरा माझ्या लेखी कुचकामी. आणि गुराख्यांना विचार, त्यांना जागा माहीत असतात.